झोपलेल्या आजोबांचा सिनेमा

माझ्या आईला इंग्रजी येत नाही आणि मला खोटं बोलता येत नाही. या दोन गोष्टी आपापल्या जागी असल्या, तर कोणाचंच काही बिघडत नाही. त्या शुक्रवारी दुपारी आम्ही या दोन्ही गोष्टींना मस्कतमधल्या बौशरच्या एका मॉलमधल्या थिएटरात शेजारी शेजारी बसवलं.

आधी आईबद्दल सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा गेले, अकोल्याला. वीज मंडळात लाइनमन होते. उभं आयुष्य विजेच्या खांबांवर काढलं, कधी खरचटलंसुद्धा नाही. आणि रिटायर झाल्यावर एका दुपारी वरण-भात खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी इथे, मस्कतमध्ये. फोन आला तसा निघालो. मस्कतहून मुंबई, मुंबईहून नागपूर, नागपूरहून गाडीनं अकोला. पोचलो तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून उभ्या केलेल्या होत्या. सगळं आटपलं होतं. काकांनी पाठीवर हात ठेवला. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "जेवला काय?"

त्या दिवसाबद्दल ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. मनात मात्र धरून बसलो होतो, की काकांनीच घाई केली असणार. (काका आहेतच तसे. लग्नात ते आहेर देऊन, जेवून, घरी जाऊन झोपलेले असतात, तेव्हा नवरदेव अजून दारात पोचायचा असतो.)

हिवाळा लागला तसं आईला आम्ही मस्कतला आणलं. तिला बरं वाटावं म्हणून माझ्या बायकोनं, प्रज्ञानं, काय काय केलं! कुरुमचा समुद्र दाखवला. आई बघत राहिली, "लय पानी हाये," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. अल मवालेहच्या भाजीबाजारात नेलं. तिथे मात्र ती खुलली. भेंडीचं टोक मोडून बघितलं, विक्रेत्यानं नको म्हटल्यावर दुसरीचंही मोडलं. आमची आशा वाढली. तेवढ्यात तिला काटेरी देठांची छोटी वांगी दिसली. बाबांना तशीच लागायची. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "चला घरी."

बाकी वेळ ती बाल्कनीत बसून मेथी निवडायची. आमच्याकडे मेथी इतकी व्हायला लागली, की माझी मुलगी मैत्री डब्यात पराठा बघून म्हणाली, "पप्पा, आपण पुअर झालो का?"

व्हिसा संपत आला. शुक्रवारी सकाळी प्रज्ञा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "राहुल, आई जायच्या आत एकदा तरी हसल्या पाहिजेत. आपण सिनेमाला नेऊ या त्यांना."

"कुठल्या?"

हिंदी जो लागला होता त्याच्या पोस्टरवरच इतकं रक्त होतं, की आत काय शिल्लक असेल असा प्रश्न पडावा. मैत्रीनं मोबाइलवर शोधलं. "पप्पा, धिस वन! कॉमेडी आहे. लक अँड फॅमिली. इटालियन लोक आहेत... अमेरिकामध्ये."

नशीब आणि कुटुंब! आमच्या घरात नशीब हा शब्द उच्चारायला बंदी होती. बाबा म्हणायचे, "ज्याचा नशिबावर भरोसा हाये, त्यानं खांबावर चढू नये." पण कॉमेडी तर कॉमेडी. पुढचं काहीही न वाचता मी तिकिटं काढली. (पुढे दोन ओळी होत्या. त्या मी नंतर वाचल्या. त्या आधी वाचल्या असत्या, तर आज हे लिहायला माझ्याकडे काहीच नसतं.)

बसलो असे: भिंतीकडे मैत्री, मग प्रज्ञा, मग आई आणि कडेला मी, भाषांतरकार म्हणून. पडद्यावर खाली अरबी अक्षरं येणार होती, त्यांचा आम्हा चौघांनाही उपयोग नव्हता. आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्क ओमानी गृहस्थ बसले होते, पांढरी शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, शेजारी त्यांची बायको. मी त्यांना "सलाम" म्हणालो. त्यांनी हसून मान हलवली. आमचे संबंध असे चांगले सुरू झाले.

सिनेमा सुरू झाला. अरुंद गल्ली, या घरातून त्या घरापर्यंत दोरीवर वाळत घातलेले कपडे, एका स्वयंपाकघरात कोंबलेली दहा-बारा माणसं आणि नुसता आरडाओरडा.

"हे तं आपल्यासारखेच हायेत," आई म्हणाली. "सगळेच्या सगळे एकाच टायमाले बोलून राह्यले."

घरात नातीचं लग्न. आणि त्या घरातले आजोबा म्हणजे नशिबाचे पक्के. दारावर लसूण टांगणार, लाकडाला हात लावणार, मांजर दिसलं की पुन्हा घरात येऊन नव्यानं निघणार. आई बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुह्या बाबानं याले खांबाले बांधून ठेवलं असतं."

तुह्या बाबानं! इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून बाबांचं नाव पहिल्यांदा आलं. प्रज्ञानं तिच्या पाठीमागून हात घालून मला आनंदानं चिमटा काढला. मी मनातल्या मनात मैत्रीला सायकल घेऊन दिली.

आणि तेवढ्यात ते आजोबा मेले.

काही सूचना नाही, काही नाही. लग्नाची सकाळ, आजोबा खुर्चीत, हातात कॉफी. कप कलंडला. कॉफी गालिच्यावर पसरली. आजी आली, तिनं त्यांच्या गालाला हात लावला आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे अकोल्याचं घर आलं. जेवण करून आडवा झालेला माणूस आला. मी म्हणालो, "झोपले."

"कप हातात घेऊन?"

"लग्नघर आहे ना. दगदग झाली."

आता पुढे काय सांगायचं या विचारानं मला घाम फुटला आणि नेमकी पडद्यावरची माणसं माझ्या मदतीला धावून आली! लग्न पुढे ढकललं, तर नवरा-नवरीच्या मागे साडेसाती लागते, अशी त्यांची समजूत. म्हणून घरच्यांनी ठरवलं, की आजोबा गेल्याचं कोणाला सांगायचंच नाही. त्यांच्या डोक्यावर हॅट घातली, डोळ्यांवर काळा चष्मा लावला आणि येईल त्या पाहुण्याला ते सांगू लागले, की आजोबा झोपलेत! म्हणजे काही मिनिटं माझं भाषांतर शब्दशः बरोबर होतं. इतकं अचूक भाषांतर मी आयुष्यात केलेलं नाही.

पाहुणे येत होते. आजोबांच्या हाताचे मुके घेत होते. एक जाडा पाहुणा त्यांच्या कानाशी बसून आपल्या बायकोच्या तक्रारी सांगत होता. चर्चचा पाद्री विनोद सांगून त्यांच्या हसण्याची वाट बघत होता आणि ते हसत नाहीत म्हणून रुसत होता. आणि माझ्या शेजारी काहीतरी हलायला लागलं.

आई हसत होती! आधी नुसते खांदे. मग पदराचा बोळा तोंडात. मग तोही पुरेना. तिच्या हसण्यानं खुर्ची हलत होती, माझ्या मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा हलत होता. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला अंधारातही दिसलं.

इथे सिनेमा संपायला हवा होता.

पण तो संपला नाही. घरचे लोक आजोबांना खुर्चीसकट उचलून लग्नाच्या हॉलमध्ये न्यायला निघाले.

"झोपेतच काऊन उचलून नेऊन राह्यले त्याले?"

"उशीर होतोय लग्नाला."

"मंग उठवा ना!"

"उठवलं की चिडतात ते. बीपी आहे."

"बीपीवाला इतका झोपते?"

"गोळी घेतलीय."

"अन् घरात कायले काळा चष्मा?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"अन् एवढा बँड वाजून राह्यला कानाशी..."

"ऐकू येत नाही त्यांना. लहानपणापासून."

तो माणूस मेलाय हे लपवण्यासाठी मी त्याला इतके आजार दिले, की खरोखर जिवंत असता तरी तो त्या लग्नापर्यंत टिकला नसता. आई प्रत्येक उत्तराला "अस्सं!" म्हणायची आणि पुन्हा पदर तोंडात कोंबायची. पुढच्या रांगेतले ओमानी गृहस्थ अधूनमधून मान अर्धी वळवत होते. मला वाटलं, आवाज होतोय म्हणून. मी आवाज कमी केला. त्यांनी मान आणखी वळवली.

मग तो प्रसंग आला. लग्न लागलं, नाच झाला, लोक पांगले. रिकाम्या हॉलमध्ये फक्त ते आजोबा आणि त्यांच्या शेजारी ती आजी. तिनं आपल्या बशीतला केकचा एक कण उचलला आणि आजोबांच्या ओठांना लावला. रुमालानं ओठ पुसले. मग त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली.

"ती काऊन रडून राह्यली?" आईचा आवाज बारीक झाला होता.

माझ्याकडचे सगळे आजार संपले होते. मी म्हणालो, "केक... तिखट आहे."

"केक?"

"इटालियन आहे ना. मिरची घालतात."

झालं! पुढचे गृहस्थ खुर्चीत पूर्ण वळले. टोपी सरळ केली आणि आईकडे बघून हिंदीत म्हणाले, "अम्मा, ये तुमको गलत बोलता है. शुरू से गलत बोलता है. ये बाबा सोता नहीं. ये बाबा खलास. मय्यत!"

त्यांच्या बायकोनं त्यांची बाही ओढली. पण ते थांबायला तयार नव्हते. "वल्ला, मैं बंबई में रहा, थोड़ा समझता, कब से सुनता! बीपी बोला, मैं चुप. आँख का ऑपरेशन बोला, मैं चुप. केक में मिर्ची?" आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

मी खाली पडलेला पॉपकॉर्न शोधायला सीटखाली वाकलो. (पॉपकॉर्न पडलेला नव्हता.) वाकल्या वाकल्या मला आईचं उत्तर ऐकू आलं. आई हिंदी बोलते, पण ती हिंदी अकोल्यात तयार होते.

"मेरेको मालूम हाये ना भाऊ," ती म्हणाली. "कॉफी सांडी ना, तबीच मरा वो."

मी डोकं वर काढलं. "तुला माहीत होतं?"

"आता मेलेला मानूस मले कोन दाखवाव बाप्पा?"

"मग हसत काय होतीस इतकी?"

"तुह्यं आयकून! बीपी म्हने! गोळी म्हने! मोतीबिंदू म्हने!" आणि ती पुन्हा हसायला लागली. हसता हसता तिनं माझं मनगट धरलं. तिची पकड घट्ट घट्ट होत गेली आणि त्या हसण्याचं कधी काय झालं, ते मला कळलंच नाही. ती हसत नव्हती एवढंच कळलं.

पडद्यावर दुसरा दिवस उजाडला होता. तेच पाहुणे, तेच लग्नातले कपडे, आणि मधोमध शवपेटी. आई पडद्याकडेच बघत बोलायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"तुह्या बाबाले अंगनात ठेवलं व्हतं. लिंबाखाली. पांढरा सदरा घातला, तो मैत्रीच्या वाढदिवसाचा. म्या म्हनलं, चष्मा घाला, त्याइले चष्म्याबिगर दिसत नाई. तं कोनीतरी म्हने, आता कायले चष्मा. मंग म्याच घातला."

मी ऐकत होतो. मी न पाहिलेला तो दिवस ती मला सांगत होती.

"भन्तेजी आले. पंचशील झालं. लोक लय व्हते रे. ज्याइच्या ज्याइच्या घरी त्याइनं लाइट जोडून देल्ला, ते सगळे आले. अन् ऊन कसं, तं पाय भाजे. बर्फाची लादी आनली. ठेवली का पानी. दुसरी आनली. तिचंही पानी. तुह्या बाबाचा सदरा ओला झाला, पाठ ओली झाली. लोक म्हने, पोरगा निंघाला हाये, थांबू. तुहा काकाही म्हने, वैनी, थांबू, राहुल येऊन राह्यला."

पडद्यावर पेटी उचलत होते.

"म्या म्हनलं, नेऊन टाका."

मी मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला.

"खांबावरून उतरले का पयले सदरा बदलाचे ते. ओला सदरा अंगावर ठेवला नाई कधी. अन् त्या दिवशी पान्यात पडून व्हते. मले पाहावलं नाई रे. सगळे थांबाले तयार व्हते. म्याच तुही वाट नाई पाह्यली." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू दारात आला, तं तुह्या तोंडाकडे पाहाची हिंमत नाई झाली. मंग जेवाचंच विचारलं."

इतके महिने काकांनी दुसऱ्यांदा केल्याशिवाय मी त्यांचा फोन उचलत नव्हतो. आणि इतके महिने ही बाई माझ्या बाल्कनीत मेथी निवडत, मी तिला कधी विचारतो याची वाट बघत बसली होती.

"बरं केलंस आई," मी म्हणालो.

"चिडला नाई?"

"नाही गं."

"खोटं तं नाई बोलून राह्यला?"

आता त्या दुपारी माझ्या शब्दाला काय किंमत राहिली होती! तिनंही उत्तराची वाट बघितली नाही. अंधारात हात लांब करून माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. हात ओला झाला. मग तिची खात्री पटली.

त्यानंतर आम्ही रडलो. म्हणजे चांगलेच रडलो. प्रज्ञा रडली. मैत्रीला निम्मंच कळलं होतं, पण आजी रडते म्हणून तीही हुंदके द्यायला लागली. आणि पडद्यावर नेमका त्याच वेळी सिनेमातला सगळ्यात मोठा विनोद झाला! पेटी वाहणारे घसरले, पाद्री झुडपात पडला. अख्खं थिएटर खो खो हसतंय आणि मधल्या रांगेत आम्ही चौघं एकमेकांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडतोय!

ओमानी गृहस्थ वळले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हे सगळं आपल्यामुळे झालं, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि आईला म्हणाले, "अम्मा, माफ करो! वल्ला, सोता है बाबा! सोता है!"

आई रडता रडता हसली, ते पाहून ते आणखीच घाबरले. त्यांच्या बायकोनं पर्समधून टिश्यूचा पुडा काढून आईच्या हातात दिला आणि नवऱ्याला अरबीत बरंच काही ऐकवलं. ते मला समजलं नाही, म्हणून या वेळी मी त्याचं भाषांतर केलं नाही.

तेवढ्यात थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन आला. त्यानं एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड टाकला आणि मोठ्या काळजीनं माझ्या कानाशी म्हणाला, "सर, आप लोग गलत स्क्रीन में तो नहीं बैठे? ये कॉमेडी है."

बाहेर आल्यावर त्या गृहस्थांनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. आईनं त्यांना बाबांचा मोबाइलमधला फोटो दाखवला. बाबा खांबावर, कमरेला पट्टा. ते बराच वेळ बघत राहिले. "अल्लाह यरहमा," म्हणाले, गेलेल्या माणसासाठी इथे म्हणतात तसं. आईनं हात जोडले. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजत होतं आणि मला मधे काही सांगावं लागलं नाही, हे सगळ्यांच्याच हिताचं झालं.

संध्याकाळी आईनं अकोल्याला मावशीला फोन लावला. बाबा गेल्यापासून तिनं आपणहून केलेला पहिला फोन. ती फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, कारण फोन कानाला लावला की समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, असं तिचं म्हणणं आहे. मी पलीकडच्या खोलीत होतो, दाराच्या फटीतून ती दिसत होती.

"पिच्चर पाह्यला आज. इंग्रजी," आई सांगत होती. "एक म्हतारा मरते. त्याची बायको लय रडते बाई."

"तुले समजला?" मावशी.

"मले समजला ना. पन आपल्या राहुलले कायी नाई समजलं. सगळं उलटं सांगे. मेलेला मानूस त्याले झोपलेला वाटे, सांग आता!"

"इतके वर्स बाहेरदेशात राहून?"

"हाव ना."

मावशी चुकचुकली. मग म्हणाली, "मंग त्या कंपनीनं ठेवला कसा त्याले?"

आईनं दाराकडे बघितलं, आवाज अगदी खाली आणला आणि (स्पीकर चालूच होता) म्हणाली, "त्याइले अजून मालूम नाई. तू कोनाजवळ बोलू नोको."